डोंगरावरची आळी का स्टेशनजवळची

मंगळवार, दिवेलागण

आधी टपकल्या त्या आमच्या वन्सं, न बोलावता. मागनं नात सायली आन नातजावई. मला फ्रान्सला न्यायचं ठरलंय ना, लियाँ नावाच्या शहरात! खोली कुठल्या आळीत घ्यायची, यावर लई वाद झाला. सायलीला डोंगरावरची जुनी आळी हवी, पण तितं चार मजले जिना. "ऱ्हाऊ दे, आजीसाठी स्टेशनजवळ घेऊ," म्हणाली, तोंड पाडून. वन्सं हसल्या, "वैनी, गुडघे हितंच ठिवून जा!" मी म्हणलं, चढीन की जिना. बोलून तर बसले.

समदी गेल्यावर गच्चीचा जिना दोनदा चढले. दुसऱ्यांदा वरच बसले, पार दमून. असले चार मजले? पण पोरीचं तोंड कसं फुललं व्हतं! खोली पक्की करायला रविवारी येती म्हणालीय. मदी चार दिवस हायेत.