सोल्वितास, तेराव्या वळणाबद्दल

सिगुल्डा
शुक्रवार, ९ फेब्रुवारी

प्रिय सोल्विता,

कशी आहेस? परवा बाजारात तुझा भाऊ भेटला. म्हणाला, रोपवाटिकेत टोमॅटोचं बी टाकलंय आणि तू दिवसभर तिथेच असतेस. बरं वाटलं. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तक्रार नाही करत.

इकडे ट्रॅकवर बर्फ छान धरलाय. रविवारी ल्यूजची सांघिक रिले आहे. जर्मन आणि ऑस्ट्रियन संघ येऊन सराव करून गेले. एकामागून एक उतरणाऱ्या आपल्या चार स्लेजमध्ये बायकांची दुहेरी शेवटची, म्हणजे मी आणि डागनिया. बावीस वर्षांची आहे, लिएपायाची. खूप बोलते, खाते त्याहून जास्त. ती पुढे, तुझ्या जागी. मी नेहमीसारखी मागे, तिच्याखाली आडवी. तिच्या हेल्मेटपलीकडचं मला काही दिसत नाही.

खरं सांगू? गेला आठवडाभर सकाळचा पाव तसाच ठेवून उठते. कोच इमांट्स म्हणतात, घरचा ट्रॅक आहे, डोळे मिटून उतरशील. मी डोळे मिटूनच उतरते, हे त्यांना ठाऊक नाही. बाराव्या वळणापर्यंत मी ठीक असते. तेराव्याच्या अलीकडे तो घुमणारा आवाज सुरू झाला की हातपाय माझे राहत नाहीत. दोन हिवाळे झाले, पण तो आवाज आला की आपली स्लेज अजून उलटतेच आहे असं वाटतं.

तुझा खुबा थंडीत दुखतो का? त्या दिवसाबद्दल मला तुला काही

नको, आज नको. रविवार होऊ दे.

तुझी,
ऐवा


सिगुल्डा
सोमवार, १२ फेब्रुवारी

सोल्विता,

शुक्रवारचं पत्र पोस्टात टाकायचा धीर झाला नाही. तेही यासोबत पाठवतेय.

आम्ही चौथ्या आलो. आठ शतांश सेकंदांनी कांस्य गेलं. ते माझ्यामुळे गेलं. पण आता क्रमाने सांगते, नाहीतर पुन्हा पळवाट काढीन.

शनिवारच्या सरावानंतर डागनिया माझ्याजवळ येऊन बसली. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो, त्या दिवशी आधी बूट काढत बसली. मग म्हणाली, "तेराव्याला तू माझ्या आधी वळायला लागतेस. माझं डोकं वळायच्या आत तुझा डावा खांदा दाबला जातो. माझ्या पाठीला कळतं."

मी म्हटलं, तुला भास झाला असेल. तीन वेळा झाला, ती म्हणाली.

रात्रभर तिचं 'पाठीला कळतं' डोक्यात घुमत राहिलं. रविवारी वरच्या खोलीत आम्ही हेल्मेट घालत होतो, तेव्हा मी तिला सांगून टाकलं. जे तुला सांगायला हवं होतं, ते तिला सांगितलं. त्या दिवशी तू वळणात उशिरा शिरली नव्हतीस. मी घाबरले होते. तुझं डोकं हलायच्या आधी मी खांदा दाबला, स्लेज आडवी गेली आणि उलटली. तुझा खुबा मोडला, माझं कोपर खरचटलं. कोचनी विचारलं तेव्हा तू दवाखान्यातल्या पलंगावरून म्हणालीस की तुझाच उशीर झाला असेल. मी उशाशी उभी होते. तोंड उघडलं नाही.

डागनियाने हातमोजा चढवला, काढला, पुन्हा चढवला. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांग. आणि आता कोचना म्हणू का, राखीव जोडी उतरवा? की येतेस?"

येते म्हटलं. "तुझं हेल्मेट माझ्या छातीवर घट्ट टेकव, ते वळेपर्यंत मी हलणार नाही," एवढंच तिला बोलले.

आधीच्या तीन स्लेज चांगल्या गेल्या, आपण तिसऱ्या क्रमांकावर होतो. खाली शेवटाला टांगलेल्या पाटीवर आपल्या माणसाचा हात बसला की वर आमचं दार उघडणार. ते दार बंद असताना मला वाटलं, उघडूच नये. कोणीतरी पाटी चुकवावी आणि सगळा संघ बाद व्हावा. आपल्याच लोकांचं वाईट चिंतलं मी, सोल्विता, इतकी भीती होती.

दार उघडलं. बाराव्यापर्यंत काय झालं आठवत नाही. मग तो आवाज आला. खांदा आपोआप दाबू लागला तसा मी दातांवर दात दाबले. छातीवरचं हेल्मेट हलेना. मला वाटलं, चुकली ही, गेलो आपण. मग ते हललं, आणि मी मात्र भीतीने एक क्षण जास्तच थांबले. स्लेज भिंतीला घासली. ते आठ शतांश तिथे गेले. पण आम्ही सरळ राहिलो. डागनियाने उठून पाटीवर हात मारला. मी तिच्याखाली रडत होते. तिने मागे वळून न बघता माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

आज सकाळी कोचना सगळं लिहून दिलं. वाचून त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "दोन वर्षं?" हे निवड समितीपुढे ठेवावं लागेल म्हणाले. ठेवा म्हटलं. तुझ्या नावावरची चूक खोडली जाईल. माझी जागा बहुतेक जाईल. त्याची भीती वाटत नाही, आश्चर्य आहे.

भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. डागनियाला तीन फेऱ्यांत कळलं. तू सहा वर्षं स्लेजवर माझ्यापुढे होतीस. तुला कळलं नसेल? पलंगावर ते वाक्य बोललीस तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. मी कितीदा स्वतःला समजावलंय की औषधाच्या गुंगीत बघत होतीस.

माहीत असूनच तू ते अंगावर घेतलंस का? आणि मग मी बोलेन म्हणून वाट बघितलीस, मी बोलले नाही, म्हणून फोन उचलणं सोडलंस?

गुरुवारी सकाळच्या गाडीने सेसिसला येतेय. रोपवाटिकेच्या फाटकाशी थांबेन. आत बोलावू नकोस हवं तर, पण एकदा बाहेर येऊन खरं काय ते सांग.

तुझी क्षमा मागण्याचा हक्क मला उरला आहे की नाही, हे माहीत नसलेली,
ऐवा