एक मिलिमीटर शिल्लक

११ मार्च, मंगळवार
ही वही आणून सतरा दिवस झाले. रोज लिहायचं असं ठरवलं होतं. लिहिलं नाही, कबूल. पण कारणं आहेत. पहिले चार दिवस पेन नव्हतं. मग मिळालं ते जेल पेन, आणि जेल पेनने मला विचार करता येत नाही. उरलेल्या दिवसांचं काय झालं ते आठवत नाही.
मुक्काम आल्मेरे हे डच शहर, ताईचं घर, वरची खोली, इस्त्रीच्या टेबलाशेजारी. व्हिसा नव्वद दिवसांचा, त्यातले अठरा संपले. मंजूषाताई रोज विचारते, राजस, पुढे काय ठरवलंयस? संजीव भावजी विचारत नाहीत. चहा पिता पिता नुसते बघतात. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा बाबा असेच बघायचे.
आज मात्र काम चालून आलंय. मोठं आहे. सविस्तर उद्या.

१३ मार्च, गुरुवार
(काल झोप आली.)
शेजारी वीबेकाका राहतात. वय एकोणऐंशी. एकटेच. परवा शेडचं दार उघडं टाकून दुनळी बंदूक पुसत बसले होते. त्यांच्याकडे शिकारीचा रीतसर परवाना आहे, बंदूक लोखंडी कपाटात असते, पोलीस येऊन ते कपाटसुद्धा तपासून जातात. मी कुंपणावरून म्हटलं, मी बंदुकीच्या घरातला आहे. हे खरंच आहे. कुडाळच्या मामाकडे वानरं पळवायला लायसनची बंदूक होती, आणि एकदा काडतुसांची पिशवी मी स्वतः धरली होती. (मामी म्हणते पिशवीत डबा होता. मामीला काय कळतं?)
तर प्रकरण असं. बंदूक वीबेकाकांच्या वडिलांची, १९३८ची. वडील गेले तेव्हा ती कोणाची यावरून दोघा भावांचं वाजलं. बंदूक वीबेकाकांकडे राहिली. मोठा भाऊ डाउवे मिशिगनला निघून गेला तो आलाच नाही. एकतीस वर्षं एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही. फोनही करत नाहीत, कारण हॅलोनंतर लगेच भांडण होतं. आणि आता अचानक डाउवेचं पत्र. मे महिन्यात ये, बाबांची बंदूक घेऊन ये, त्याच बंदुकीने एकेक टर्की मारू. मी त्र्याऐंशीचा आहे, पुढच्या मे महिन्याचं सांगता येत नाही.
वीबेकाकांनी जन्मभर बदकं आणि ससे मारले, रानटर्की पाहिलेलीसुद्धा नाही. तिला कुठलं काडतूस लागतं, आणि ते या म्हाताऱ्या बंदुकीला चालेल का, एवढंच त्यांना हवंय. विकत डाउवे तिकडेच घेईल, पण जुन्या मापाचं असेल तर ऑर्डर द्यावी लागते, म्हणून एक एप्रिलच्या आत कळवायचं. वीबेकाकांकडे ईमेल नाही, डाउवेचा पत्रात दिलाय. मला म्हणाले, तू शोधून कळवशील?
मी म्हटलं, दोन दिवस द्या.
संकल्प: शनिवारी उत्तर.

१८ मार्च, मंगळवार
शनिवार गेला, पण वाया नाही. एक्सेल शीट तयार आहे. चौदा कॉलम. त्यातला एक रंगाचा आहे, तो का ते नंतर बघू.
आत्तापर्यंतचं संशोधन: छर्रे शिशाचे, पोलादाचे, बिस्मथचे, टंगस्टनचे. पोलाद जुन्या बंदुकीला चालत नाही, फार कडक. नळी तोंडाशी थोडी आवळलेली असते, तिथे ती फुगते. टंगस्टन त्याहून कडक. म्हणजे एका दुपारी चारातले दोन बाद! या वेगाने काम केलं तर माणूस थकणारच, म्हणून पुढचे तीन दिवस विश्रांती.
शिवाय कळलं की टर्कीची नजर भयंकर तीक्ष्ण. शिकाऱ्याने अजिबात हलायचं नाही. सोफ्यावर प्रॅक्टिस केली. चाळीस मिनिटं, पापणीसुद्धा नाही. भावजी ऑफिसमधून आले, बघितलं आणि ताईला विचारलं, हा सकाळपासून असाच आहे का? ताई म्हणाली, आज जरा जास्त.

२२ मार्च, शनिवार
टर्कीला बोलवायला तिच्या मादीचा आवाज काढावा लागतो. व्हिडिओ बघून शिकलो. गळ्यातून काढायचा, पण मन नाकात ठेवायचं. अंगणात दीड तास सराव. समोरची बाई येऊन ताईला विचारून गेली, घरात कोणी आजारी आहे का, हाउसआर्ट्सला फोन करू का. ताईने डॉक्टर नको म्हणून सांगितलं. मला वर येऊन बोलली ते इथे लिहीत नाही.
वीबेकाकांनी कुंपणावरून विचारलं, काडतूस? मी म्हटलं, डेटा जमतोय. ते म्हणाले, हं.

२९ मार्च, शनिवार
लेलीस्टाटच्या पुढे बंदुकांचं दुकान आहे, तिथे जायला निघालो. प्लॅटफॉर्मवर प्रणव नावाचा सांगलीचा मुलगा भेटला, नायमेखनला चिप डिझाइन करतो. सांगलीच्या भडंगावर गप्पा इतक्या रंगल्या की त्याच्याच गाडीत बसलो. नायमेखन छान आहे. पूल मोठा आहे.
पण नशीब बघा. प्रणवला सगळं सांगितलं तर म्हणाला, अरे, मत कशाला शोधतोस, माप घे. त्याच्या कामात म्हणे मिलिमीटर म्हणजे अख्खं मैदान. हे मला आधीच सुचलं होतं, फक्त शब्द नव्हते. परतीच्या गाडीत झोप लागली, आल्मेरे मागे गेलं.

१ एप्रिल, मंगळवार
डाउवेचा मेल: मग कुठलं? मी उत्तर दिलं: अंतिम टप्पा. मोठ्या कामात तारखा थोड्या लवचीक ठेवाव्या लागतात.
वीबेकाकांनी दोन मेचं तिकीट काढलं. नवे बूट आणलेत, घरात घालून फिरतात, पायाला सवय करतोय म्हणाले. टेबलावर फोटो: मध्ये वडील, हातात तीच बंदूक, दोन्ही बाजूंना दोन पोरं, दोघांचं नाक एकच. मी सहज म्हटलं, तिकडे पिशवी धरायला कोणी लागेल ना? ते म्हणाले, हं.
अमेरिकेचं जवळजवळ ठरलं.

५ एप्रिल, शनिवार
ऐतिहासिक दिवस!
दुकानात पोचलो. (सोबत ताईच्या शिवणाच्या डब्यातली टेप.) वीबेकाकांच्या बंदुकीवर खालच्या बाजूला ६५ कोरलंय, म्हणजे काडतूस बसायची जागा पासष्ट मिलिमीटर. दुकानदाराने एक काडतूस हातात दिलं. त्यावर छापलेलं ७०. मी मोजलं. अठ्ठावन्न!! तीनदा मोजलं. अठ्ठावन्न.
म्हणजे कंपन्या सरळ बारा मिलिमीटर खोटं छापतात आणि इतक्या वर्षांत कोणी टेप लावली नाही. मग मी तिथेच गणित केलं. टर्कीसाठी सगळ्यात जबरदस्त म्हणजे तीन इंची मॅग्नम. छापील ७६. वजा बारा, चौसष्ट. जागा पासष्ट. एक मिलिमीटर शिल्लक!
दुकानदार मागून काहीतरी ओरडत होता, पाचही बोटं मिटून फुलासारखी उघडून दाखवत होता. इथले लोक असा टाटा करतात हे माहीत नव्हतं. मीही बोटं उघडून टाटा केला. बस सुटत होती.

९ एप्रिल, बुधवार
मेल लिहायला घेतला. तीन ओळींचा आहे. म्हणूनच वेळ लागतोय.

११ एप्रिल, शुक्रवार
पाठवला. ‘प्रिय डाउवे, तीन इंची मॅग्नम, सगळ्यात जड, दोन खोकी. मी स्वतः मोजलंय. एक मिलिमीटर जागा उरते. वीबेची संमती आहे. तुमचा, राजस (सल्लागार, वीबेच्या शेजारचं घर).’
संमतीचं म्हणजे, वीबेकाकांना अजून सरप्राइज ठेवलंय. नुसतं म्हटलं, कळवलं. त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. सफरचंदाचा केक कापला. कुठलं काडतूस ते विचारलं, मी म्हटलं विश्वास ठेवा. ते म्हणाले, ठीक, डाउवे मोठा आहे, चूक काढल्याशिवाय राहायचा नाही. मग खिडकीकडे बघत म्हणाले, एकतीस वर्षांत माझी चूक काढायला कोणी नाही.
घरी येऊन हे ताईला सांगितलं. तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, राजस, हे नीट केलंयस ना रे? मी टेप दाखवली.

१७ एप्रिल, गुरुवार
डाउवेचे सात मेल आलेत. आभाराचे असणार. माणसाने स्तुतीच्या मागे धावू नये, सावकाश वाचीन. सध्या अमेरिकेच्या व्हिसात बिझी. भावजींनी बघून सांगितलं, अपॉइंटमेंट मिळेपर्यंत तुझा इथला व्हिसाही संपलेला असेल. तात्पुरती अडचण. आणि युकुलेले घ्यावं का, या विचारात दोन दिवस गेले.

२४ एप्रिल, गुरुवार, सकाळी १०.००
पाऊस नाही, ताई घरून काम करतेय, वीबेकाका अंगणात पाइप घेऊन झाडांना पाणी घालतायत. आज ते सात मेल वाचायचा मुहूर्त. आवडलेली वाक्यं इथे उतरवून घेईन.

१०.१५
पहिला मेल: थांबा.
दुसरा: खोक्यावरचं माप उडवल्यानंतरचं असतं. काडतुसाचं तोंड दुमडून मिटलेलं असतं, बार काढला की ते उघडतं आणि लांबी वाढते. मिटलेलं आत बसतं म्हणून चालतं असं नाही, उघडायला जागा नसेल तर बाबांची बंदूक फुटेल आणि सोबत वीबेचं तोंडही.
(म्हणजे तो टाटा नव्हता.)
तिसरा: वीबेला हे माहीत आहे. तरी त्याने संमती दिली? तो बरा आहे ना?
चौथा: बदकांसाठी तो जे बिस्मथचं वापरतो तेच पाच नंबरच्या छर्ऱ्यांचं घ्यायचं, पंचवीस पावलांच्या आत यायचं, बस्स. त्याच्या शेडमध्येच असेल.
पाचवा: कोणीतरी उत्तर द्या.
सहावा: फोन केला. उचलत नाही.
सातवा फक्त एक ओळ: जे एकतीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते आता करतो.

१०.३०
शेवटची ओळ कळत नाही. बहुतेक दुसरा सल्लागार नेमणार. नेमू दे. तसं पाहिलं तर चूक माझी नाहीच, छापणाऱ्यांची आहे. तरी आजच नम्र, सविस्तर उत्तर लिहायचं. जेल पेन सोडून दुसरं पेन शोधायला हवं. मेलला पेन लागत नाही हे आत्ता लक्षात आलं.

१०.४०
खाली बेल. पार्सल असेल.

१०.४२
पार्सल नाही. खिडकीतून दिसतंय. दारात एक उंच म्हातारा, हातात छोटी बॅग आणि एक कागद. नाक वीबेकाकांचं. वीबेकाका कुंपणाशी येऊन उभे, पाइप हातात, पाणी सगळं नव्या बुटांवर. आता त्या म्हाताऱ्याने बॅग खाली ठेवली, चालत गेला आणि वीबेकाकांचा नळ बंद केला.
ताई जिन्यातून हाका मारतेय. म्हणतेय, राजस, मिशिगनहून डाउवे आलेत, हातात तुझा मेल आहे, आणि विचारतायत, तो सल्लागार कुठल्या खोलीत असतो.