‘नॉट टू बॅड’ म्हणजे किती वाईट

गुरु., २ ऑक्टो.
माझ्या लेकीच्या, ऋचाच्या हट्टापायी आज लायब्ररीतल्या ग्रुपला गेलो. जोडीदार गेलेल्यांचा. खुर्च्यांचं रिंगण. डेबी नावाची बाई चालवते, फार प्रेमळ. प्रत्येकानं मन मोकळं करायचं. माझी पाळी आली तेव्हा ‘पास’ म्हणालो, पत्त्यांत म्हणतात तसं.
शेजारी ग्रॅहम. इंग्रज, रिटायर्ड. बायको जीन उन्हाळ्यात गेली. कसे आहात विचारलं तर म्हणाला, ‘मस्टन्ट ग्रम्बल.’ कुरकूर करू नये. डेबी कळवळून म्हणाली, ‘नाही नाही, इथे कुरकूर करायला पूर्ण परवानगी आहे!’

गुरु., ९ ऑक्टो.
ग्रॅहम आज म्हणाला, ‘अ‍ॅरिझोनातला आणखी एक उन्हाळा टाळायला मी काहीही करीन, असं जीन नेहमी म्हणायची. मला वाटलं, समुद्रकाठी, थंड सॅन डिएगोला जाऊ या म्हणतेय.’
सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या. मला हसू फुटलं. सुमा गेल्यापासून पहिल्यांदा. मान खाली घालून दाबायला गेलो तर खांदे हलायला लागले. डेबीनं टिश्यूचा डबा पुढे केला. पलीकडचा बॉब पाठ चोळू लागला, ‘लेट इट आउट, बडी.’
पार्किंगमध्ये ग्रॅहम: ‘छान रडलात.’

रवि., १९ ऑक्टो.
गुरुवारी निघताना ग्रॅहम बॉबला सहज म्हणाला, या एकदा जेवायला. बॉबनं फोन काढला, ‘कधी?’ पुण्यात असं विचारणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. ग्रॅहमनं तर इंग्लंडातही पाहिला नसावा.
काल सहाला बॉब घरी ओव्हनमध्ये भाजलेला कॅसरोल घेऊन हजर. ग्रॅहम पायजम्यात. फुटबॉल संपेपर्यंत बॉब हलला नाही.
आज फोनवर ग्रॅहम: ‘पुढच्या शनिवारी पुन्हा येतोय. देश सोडावा म्हणतो.’ मग, ‘कॅसरोल वाईट नव्हता.’

गुरु., २३ ऑक्टो.
आत जाण्याआधी ग्रॅहम गाडीपाशी भेटला. सोमवारी जीनचा वाढदिवस होता. दोन दिवस अंथरुणातून उठलाच नाही.
आत डेबीनं विचारलं, आठवडा कसा गेला?
‘नॉट टू बॅड, थँक्स.’
‘दॅट्स ऑसम!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग डेबी म्हणाली, वेटिंग लिस्ट मोठी आहे, ग्रॅहम तर आता सावरलाय, तेव्हा पुढच्या गुरुवारी त्याचं ‘ग्रॅज्युएशन’. म्हणजे नंतर यायचं नाही.
‘हाउ व्हेरी काइंड,’ ग्रॅहम म्हणाला. चेहरा पांढराफटक. आपण होऊन घराबाहेर पडतो तो एवढ्या एका तासापुरता. बाकी बॉब सोडला तर...

शनि., २५ ऑक्टो.
ग्रॅहमला फोन केला. म्हटलं, सांगून टाका डेबीला. ‘छे! तिनं केक ऑर्डर केलाय.’
ऋचाला सांगितलं. ‘बाबा, ही शुड जस्ट से इट!’
म्हटलं, काहींना नाही बोलता येत.
‘तू बोललास का रे तिथे? एकदा तरी?’
विषय बदलला.

गुरु., ३० ऑक्टो.
केकवर आयसिंगमध्ये ‘काँग्रॅट्स, ग्रॅहम’. डेबीनं सुरी त्याच्या हातात दिली. मी हात वर केला.
‘ही इज नॉट फाइन.’
सगळे माझ्याकडे बघायला लागले. ‘पास’खेरीज माझा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता.
‘स्टेडी ऑन,’ ग्रॅहम पुटपुटला. म्हणजे जरा दमानं.
डेबी: ग्रॅहम, खरं आहे हे?
तो केककडे बघत म्हणाला, ‘वेल, इट हॅज नॉट बीन आयडियल.’
डेबी गोंधळली. मी म्हटलं, याचा अर्थ फार वाईट.
बॉब चिडला, ‘मग शनिवारी मला का नाही सांगितलंस?’
‘मॅच चालू होती.’
डेबीचे डोळे भरले. म्हणाली, खुर्ची ठेवता येईल का ते वर विचारावं लागेल, सोमवारी कळवते. मग माझ्याकडे वळली. ‘अँड यू? हाउ आर यू, रिअली?’
इंग्रजी सुचेना. ‘चाललंय,’ म्हणालो.
कोणाला काही कळलं नाही. ग्रॅहमनं सुरी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, ‘इतकं वाईट?’
मी मान डोलावली.
केक बॉबनं घरी नेलाय. सोमवारी डेबीचा फोन येईपर्यंत कापणार नाही म्हणतो.