रुखमिणीचा वाटा

४ एप्रिल १९७९, बुधवार

आज दुपारी आसगावला पोहोचलो. लग्नाला दोन वर्षं झाली, पण सासरच्या घरी राहायला येण्याची ही पहिलीच वेळ. माझी शाळा नागपूरला, घनश्यामांची नोकरी जवाहरनगरला. त्यामुळे संसार आजवर रविवारपुरताच. आता जूनपर्यंत रजा आहे. बाळ पोटावर झोपलेलं, मागे पेटी, पायाशी कोंबड्यांची टोपली अशी आमची एस.टी. आली.

घर बरं आहे. कौलारू, स्वच्छ, मागे विहीर, विहिरीशी मोगऱ्याच्या ताटव्यांना नुसता बहर. पलीकडे बोडी, म्हणजे शेताचं लहान तळं. पाणी आटून तिचं डबकं झालंय, पण वारा तिकडूनच येतो. सासूबाई, देवकाबाई, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायला उभ्या होत्या. बाळाला पाहून म्हणाल्या, “आलं बाप्पा घरचं लेकरू घरी.” मला म्हणाल्या, “किती वाळली वो. आता काही करू नोको. नुसती खा आन् नीज.”

हे मला ऐकायचंच होतं. चाळिशीला टेकलेली पहिलटकरीण, त्यात सिझेरियन. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की बाळाइतकीच आईचीही निगा राखली पाहिजे. मी विद्यार्थिनींना आरोग्यशास्त्र शिकवते. स्वतःच्या बाबतीत हयगय करणार नाही. नियम ठरवले: बाळ झोपलं की आपण झोपायचं, पाणी उकळून, लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, सकाळी बोडीपर्यंत फेरी, आणि बाळाला अंगावरचंच दूध.

एक गोष्ट लिहून ठेवते. जेवायच्या आधी सासूबाई पितळी वाटीत पहिला घास काढून मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवतात. तो रुखमिणीचा, म्हणजे घनश्यामांच्या पहिल्या बायकोचा. ती तापानं गेली, असं त्यांनी लग्नाआधीच सांगितलं होतं. तिच्या नावाचा चांदीचा टाक लग्नापासून माझ्या गळ्यात आहे. रुपयाएवढा पत्रा, त्यावर पदर घेतलेली बाई कोरलेली. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं तो घालायचा अशी इकडची रीत. मला त्यात अर्थ दिसत नाही, पण कोणाचं काही बिघडतही नाही.

६ एप्रिल, शुक्रवार

मालिशवाली तुळसा उत्तम बाई आहे. हात लाकडासारखे, तोंड अखंड चालू. माझा चष्मा काढून खिडकीत ठेवते आणि म्हणते, “डोऱ्यायले बी आराम द्या बाईजी, लय शिकून राहिले ते.” आज तिनं ताज्या मोगऱ्याच्या कळ्या फडक्यात घालून छातीशी बांधल्या. उन्हाळ्यात थंडावा येतो म्हणे. खरंच येतो. दुपारभर इतकी गाढ झोपले की बाळ रडलं का, तेही कळलं नाही. सासूबाई म्हणाल्या, रडलंच नाही.

भूक लागते, झोप लागते. कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

८ एप्रिल, रविवार

घनश्याम आले आणि बारसं उरकलं. मी दवाखान्यात होते म्हणून ते राहिलं होतं. नाव श्रावण ठेवलं.

त्याआधी एक विधी होता. मधल्या खोलीत पाट मांडला, त्यावर हिरवं लुगडं घडी घालून ठेवलं, त्यावर माझ्या गळ्यातला टाक. सवतीचा मान, असं सांगितलं. बाळाला त्या लुगड्यावर ठेवून, त्याच्यावरून हातानं पाणी सोडत मी म्हणायचं: “घे बाई, तुझं लेकरू तुले.” मला हसू आलं. पण उकाडा होता, टाके ओढत होते, आणि वाद घालण्यापेक्षा म्हणून मोकळं होणं सोपं होतं. मी शाळेत प्रार्थना म्हणावी तसं ठणठणीत म्हटलं. तीनदा म्हणायला लावलं, तीनदा म्हटलं. घनश्याम खाली मान घालून बसले होते. मग सासूबाई म्हणाल्या, जा, पड आता. मी जाऊन पडले.

११ एप्रिल, बुधवार

बाळ अंगावर घेत नाही. तोंड लावतं, वळवतं, किंचाळतं. उन्हाचा परिणाम असावा. पण विचित्र हे की ते वाळत नाही. गाल भरलेत, मांड्यांना वळ्या पडल्यात. वरचं दूध पाजता का, असं मी सासूबाईंना स्पष्ट विचारलं. त्यांनी देवाची शपथ घेतली. “वरचं काहून पाजू? पोट भरून हाये तेचं.”

दुपारी घर झोपलं की मधल्या खोलीतला पाळणा हलत असतो. कड्यांचा आवाज येतो. आज उठून पाहिलं. बाळ एकटं होतं, जागं, शांत. ओठांच्या कोपऱ्यात दूध ओघळलेलं.

ताजं होतं. बोटानं पुसून पाहिलं. कोमट.

१३ एप्रिल, शुक्रवार

माझं दूध आटलं.

काल तुळसानं फडकं बांधलं आणि तो वास नाकात गेला तशी एकदम आठवण झाली. माझ्या थोरल्या बहिणीचं मूल जन्मतःच गेलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. आई रोज परसातला मोगरा तोडून तिच्या छातीशी बांधायची. दूध आटावं म्हणून. तोच वास. मला हे ठाऊक होतं आणि मी रोज स्वतः हात वर करून बांधून घेत होते.

तुळसाला धारेवर धरलं. ती म्हणाली, “मले सांगतलं तेच केलं बाईजी. घरच्यायनंच सांगतलं.” घरच्यांनी म्हणजे कोणी? सासूबाईंनी? तिनं नकारार्थी मान हलवली. “मालकानं.”

घनश्यामांनी.

फुलं विहिरीत फेकली. परवा ते येतील. विचारीन.

१५ एप्रिल, रविवार

विचारलं. ते नाकबूल झाले नाहीत. माझ्या पायाशी बसून बोलले, तेही हळू, जणू मी आजारी आहे.

रुखमिणी तापानं गेली नव्हती. याच घरात, मधल्या खोलीत, बाळंतपणात अडली. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते, पवनीच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी मोकळी केली नाही. ती गेली, मूल गेलं. पुढे त्यांच्या धाकट्या भावाची दोन मुलं याच घरात, अशीच, दूधपिती असताना गेली. तेव्हा सासूबाईंनी त्या खोलीत शब्द दिला: माझ्या घनश्यामचं लेकरू झालं की ते तुझं. पण द्यायचं आईनंच. तिनं आपल्या तोंडानं, हातानं पाणी सोडून.

म्हणून नागपूर सोडून इथे आणलं. म्हणून रजा. म्हणून आराम.

दिलेलं परत घ्यायचा काही विधी आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, तसा नसतोच.

मग म्हणाले, “तिले देलं नसतं तं हेबी गेलं असतं. जितं हाये ना? आन् तुलेच तं आराम पायजे होता.”

दोन वर्षं मी या माणसाला भला समजत होते. त्यांनी माझा चष्मा काढून धोतरानं पुसला आणि परत माझ्या डोळ्यांवर ठेवला. खिशात पवनीच्या सोनाराची पुडी होती. ती त्यांनी सासूबाईंना दिली. मला दाखवली नाही.

१६ एप्रिल, सोमवार

बाळाला घेऊन निघायचं. पेटी इथेच राहू दे.

सकाळी उचललं तर असं किंचाळलं की निळं पडलं. खाली ठेवलं, गप्प. पुन्हा उचललं — पुन्हा. श्वासच घेईना. शेवटी मीच पाळण्यात ठेवलं. माझ्याच हातांनी, दुसऱ्यांदा.

जेवायला गेले तर माझ्या पाटावर ताट वाढलेलं, पण मला कोणी बस म्हटलं नाही. सासूबाईंनी पहिला घास पितळी वाटीत काढला, उंबऱ्याशी माझ्या पायांपुढे ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “घे बाई, तुझा वाटा.”

पाटावर कोणी नव्हतं. ताटातला भात मात्र कमी होत गेला.

मी ओरडले. घनश्याम आज कामावर गेले नव्हते. पाणी पीत होते, पीत राहिले.

तुळसा मालिशला आली नाही. आली होती — मधल्या खोलीत. दाराआडून तिच्या हातांच्या थापट्या ऐकू येतात. तेलाचा वास. “आता भरून आलं आंग बाईजी,” म्हणाली. मला नव्हे.

१७ एप्रिल, मंगळवार

सकाळची एस.टी. गेली. हॉर्न ऐकला. उठता आलं नाही. पाय हलके झालेत, अंगात काहीच नाही — झोप तेवढी आहे.

उन्हं अंगणात. घर झोपलं. पाळणा हलतोय.

टाक गळ्यात नाही. त्या दिवशी पाटावर ठेवला तो परत घातलाच नाही — कोणी दिलाच नाही —

दार उघडं आहे. लिहीत राहते. लिहीत राहिलं की हात —

पाळण्याशी बाई बसलीय. पाठमोरी. हिरवं लुगडं, ओले केस, भरलेलं अंग. बाळ तिच्या पदराखाली. गिळण्याचा आवाज येतो. पाय हलवतंय. खुशीत आहे.

श्रावण, मी हाक मारली. तिनं मान वळवली.

गळ्यात काळा दोरा. नवा. दोऱ्याला टाक, नवा, झगझगीत — सोनाराच्या पुडीतला. त्यावर पदर घेतलेली बाई कोरलीय. आणि त्या बाईच्या डोळ्यांवर दोन गोल, मध्ये दांडी — चष्मा — माझा च