तांब्याच्या डबीतली क्रीम

प्रिय अब्बा,

तिसऱ्या नळीत थेंब टाकला आणि लाल उजेड विझला. दिवा बंद केला, पुन्हा लावला. पहिल्या दोन नळ्या निखाऱ्यासारख्या, तिसरी काळी. माझ्याबरोबर काम करणारी वसईची फ्लॉरेन्स शेजारी उभी होती. म्हणाली, लाव अजून दहा वेळा, लाजून पेटेल. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कुणाचा नमुना आहे? अम्मीचा, मी म्हटलं.

मी इथं बाहरेनच्या लॅबमध्ये काय करते ते तुम्हाला एकदा सांगितलं होतं. सोन्याचा क्षार प्रथिनात मिसळून उबेत ठेवायचा. सोन्याचे अगदी बारीक पुंजके तयार होतात, एकेकात पंचवीसेक अणू. साध्या उजेडात ते पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. अतिनील दिव्याखाली लाल उजळतं, आणि त्यात पारा गेला की विझतं. तुम्ही विचारलं होतं, सोनं ना, मग पिवळं का नाही? मनामाच्या सूकमध्ये, सोन्यानं भरलेल्या त्या बाजारात, दुकानात उभं राहून आयुष्य काढलेला माणूस दुसरं काय विचारणार. मी हसले होते.

थेंब अम्मीच्या गोरं होण्याच्या क्रीमचा होता. रमजानपासून तिचे पाय सुजताहेत, लघवीतून प्रथिनं जाताहेत, किडनी बिघडतेय आणि कारण सापडत नाही. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, काही देशी औषध, काही मलम? अम्मी म्हणाली, काय नाय. ती खोटं बोलली नाही. ती क्रीम तिच्या लेखी औषध नाही, मलमही नाही. ती बाहरेनची वस्तू आहे. अशा काही क्रीममध्ये पारा असतो आणि तो किडनीवर जातो हे मी वाचलं, तेव्हा आपल्या धाकट्या उमैमाला थोडी क्रीम पाठवायला सांगितली. कशाला ते सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात गावाहून आलेल्या माणसाच्या हाती तिनं ती पाठवली.

आणि इथं माझा गोंधळ सुरू होतो. क्रीम आली की अम्मी ती नानीच्या तांब्याच्या डबीत काढून ठेवते. वर लिंबाचे चार थेंब पिळते. तांब्यात ठेवलेलं बाधत नाही, असं नानी म्हणायची. उमैमानं त्या डबीतूनच खरवडून पाठवली. लिंबू तांब्याला खातं, आणि तांबंसुद्धा हा लाल उजेड विझवतं. हे फ्लॉरेन्सला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, तुझ्या घरच्यांनी टेस्टलाच फोडणी दिली की गं.

तांबं पकडून ठेवणारा एक क्षार असतो. तो घातला की तांब्यानं विझवलेली नळी पुन्हा उजळते. पाऱ्यानं विझवलेली उजळत नाही. मी तो घातला. उजेड परत आला, पण पुरता नाही. जुन्या विटेसारखा आला. म्हणजे तांबं होतं. उरलेल्या अंधाराचं काय? क्षार कमी पडला असेल. अम्ल जास्त झालं असेल. मी दोनदा नव्यानं केलं, दोन्ही वेळा तेच.

नवी डबी उघडून बघ, हे तुम्हाला सुचलं असेल. मलाही सुचलं. तुम्ही मागवलेल्या क्रीमच्या सहा डब्या ईसा टाउनला माझ्या खोलीत आहेत. आपल्या गावचा ओवैस उद्या निघतोय, त्याच्या इथंच ठेवलेल्या कार्टनमध्ये भरल्यात. संध्याकाळी तो वजन करायला आला होता. आपा, तीस किलोत अख्खं गाव बसवायचं का, म्हणाला. मी चहा केला. डबी उघडली नाही. त्या विटकरी उजेडात पारा नसेल म्हणायला मला अजून थोडी जागा होती.

तुम्ही सुट्टीवर यायचात तेव्हा कार्टनची दोरी अम्मी कापू द्यायची नाही, नखांनी सोडायची. टॉर्च, अत्तर, दुधाची पावडर, आणि कोपऱ्यात ती क्रीम. त्या संध्याकाळी ती क्रीम लावून तुमच्यासमोर चहा ठेवायची आणि जरा वेळ तिथंच उभी राहायची. तुम्ही कप उचलायचात. काही बोलायचा नाहीत. तुम्ही गावी कायमचे परतलात तरी क्रीम येत राहिली, आता माझ्याकडून. गेल्या महिन्यात मी फोनवर अम्मीला म्हटलं, अम्मे, या वयात कशाला लावतेस? ती म्हणाली, तुझ्या अब्बांना आवडतं गो. मला तरी कुठं हौस हाय, चिकचिक होतं नुसतं. चार दिवसांनी तुमचा फोन आला, क्रीम संपत आलीय, पाठव. मी विचारलं, तुम्ही कधीपासून क्रीमची काळजी करायला लागलात? तुम्ही म्हणालात, तिला लागते. मला काय कळतंय त्यातलं. दुकानात होती म्हणून पहिल्यांदा आणली, तिनं लावली, म्हणून आणत गेलो.

दोघांचं बोलणं मी ऐकलंय. तुम्ही एकमेकांचं ऐकलेलं नाही. हे जास्त वाईट की नळी विझणं जास्त वाईट, मला कळत नाही.

हे फोनवर सांगता आलं नसतं. तुमच्या घरात फोन स्पीकरवर असतो आणि मेसेज उमैमा मोठ्यानं वाचते. एकट्या उमैमाला सांगितलं असतं तर तिनं डबी फेकली असती आणि अम्मीनं दुसरी मागवली असती. म्हणून ओवैसला सांगितलंय, पत्र फक्त तुमच्या हातात द्यायचं. डॉक्टरांना क्रीमबद्दल तुम्ही सांगा. पाऱ्याची तपासणी करायला सांगा. कारण तेच असेल तर ते थांबल्यावर किडनी सावरू शकते असं लिहिलेलं आहे. अम्मीला आधी पारा म्हणू नका, ती हसेल. सुजेला चुलीपुढं बसणं कारण आहे म्हणेल. तिला एवढंच सांगा, की तुम्हाला ती क्रीम आवडत नाही. कधीच आवडली नव्हती. ते खरं आहे की नाही मला माहीत नाही. पण हे तुम्हीच सांगायला हवं, आणि तिच्यासमोर जरा वेळ उभं राहून.

तुमचीच,
नाझिश

शनिवार, सकाळ. लॅबमध्ये नेऊन एक नवी डबी उघडली. नळी विझली. क्षार घातला, थांबले. उजेड परत आला नाही. खोलीवर परत येऊन बाकीच्या पाच डब्या कार्टनमधून काढल्या. ओवैस पत्र घ्यायला आलाय. कार्टन उचलून म्हणतो, आपा, हलकं झालं.