शेरडांच्या वाटेचं नाटक

सर, तुम्ही गेलात तेव्हा पौडात टीव्ही आलेला नव्हता, हे एक बरं झालं. नंतर आला. आधी ग्रामपंचायतीत आला, मग आमच्या दुकानाच्या माडीवर. अब्बांनी तो घेतला तो निव्वळ लेकीचं नाव त्यात येतं म्हणून. नाव यायची वेळ झाली की ते खालच्या गिऱ्हाइकालाही वर बोलवायचे. दोरखंड न्यायला आलेला माणूस चपला जिन्यात काढून निमूट वर यायचा, माझं नाव बघायचा आणि परत खाली जाऊन भाव करायचा. लोकांना यात केवढं कौतुक वाटायचं. मला मात्र आता टीव्हीचं नाव काढलं तरी शिसारी येते, आणि का येते ते तुमच्याखेरीज कुणाला सांगण्यासारखं नाही. बाकीचे म्हणतात, बाईचं पोट भरलंय म्हणून आता तोंड वाकडं करते. म्हणू देत.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. तुमच्या घरात तेवढी एकच खोली मोठी, म्हणून तालमी तिथेच. काकू चुलीपुढे भाकऱ्या थापतायत, आम्ही भिंतीला पाठ लावून बसलोय, धुरानं डोळे चुरचुरतायत, आणि तुम्ही शाळेतून येऊन सदरा न बदलताच पाटावर बसून मी लिहिलेला प्रवेश वाचताय. कोळवणच्या धनगर म्हातारीचा प्रवेश. पुण्याच्या कारखानदारानं खोऱ्यात जमीन घेऊन बंगला बांधला होता आणि काटेरी तार ओढून ओढ्याकडे जाणारी वाट बंद केली होती. म्हातारीच्या घरची शेरडं-मेंढरं पिढ्यान् पिढ्या त्या वाटेनं पाण्यावर जायची. आता त्यांना सडकेनं लांबून वळसा घालावा लागत होता. मी तेव्हा कॉलेजात, अंगात नुसता जाळ. म्हातारी तारेला धरून हंबरडा फोडते असं मी लिहिलं होतं, आणि लिहिताना मलाच हुंदके आले होते. तुम्ही वाचलंत, कागद पाटाखाली सारलात आणि म्हणालात, "तिच्या डोळ्यातलं पाणी बाजारात मांडलंस की गं तू." काकूंचा हात भाकरीवर थांबला. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. त्या दिवशी मी न जेवता घरी गेले, तुमचा राग राग करत.

तुमची रीत मला तेव्हा चक्रमपणाची वाटायची. ज्याचं वाईट झालंय त्यानं वाईट करणाऱ्याचं सोंग घ्यायचं, हा तुमच्या खेळांचा कायदा होता. रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बायांनी मुकादम व्हायचं, कुळानं मालक व्हायचं. का, असं विचारलं की तुम्ही म्हणायचात, त्यांनी एकदा सोसलंय, लोकांपुढे त्यांना परत रडायला लावायचा आपल्याला काय अधिकार? आणि मालक कसा बसतो, कसा थुंकतो, हे त्यांच्याइतकं कुणी बघितलेलं नसतं. तेव्हा म्हातारीनंच साहेब व्हायचं ठरलं. ती आधी लाजून लाजून हसली. मग माझ्या अब्बांचा चष्मा नाकावर चढवला, कमरेचा काचा सैल केला, हातात दोरी धरली, दोरीला कुत्रा बांधलाय असं मानून दोन पावलं चालली आणि आम्ही सगळे पोट धरून लोळलो.

खेळ आपण तारेच्या अलीकडेच केला, रविवारी सकाळी, साहेब बंगल्यावर असताना. खोऱ्यातली माणसं भाताची कामं टाकून आली होती. म्हातारी चष्म्यावरून शेरडांकडे बघते आणि म्हणते, माझ्या कुत्र्याला हिंडाया जागा पायजे, तुमी दुसरा डोंगर बगा. हशा असा उठला की व्हरांड्यात पेपर वाचणारे साहेब उभे राहिले. आपलंच बसणं, आपलंच खाकरणं त्या म्हातारीच्या अंगात बघत राहिले बिचारे. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. माणसं फक्त हसत होती. पुढच्या रविवारी वाटेवरची तार काढून तिथे लाकडी फाटक बसवलेलं होतं, आणि फाटक उघडं होतं. शेरडं ओढ्यावर गेली. म्हातारीनं तुमच्या घरी खरवस पाठवला. मला वाटलं, असंच असतं. नाटक लिहायचं, की पुढचं होतं. पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला कावीळ झाली आणि तुम्ही गेलात.

मग मी पुण्याला गेले. तेच नाटक आम्ही रंगमंचावर केलं, दिवे लावून, पडदा पाडून, स्पर्धेत. साहेबाचं काम एका नावाजलेल्या नटानं केलं, छान केलं. बक्षीस मिळालं. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, तुम्ही मुसलमान असून मराठी किती सुरेख लिहिता हो! मी हसायचे. पौडच्या बाजारात माझ्या पणज्यानं मराठीतच दोर विकले आणि मराठीतच भांडणं केली, हे सांगायचा कंटाळा यायचा. पुढे मुंबई, आणि मग टीव्ही. पहिली मालिका चाळीतल्या जावा-जावांची, दुसरी एका विसरभोळ्या कारकुनाची. लोकांना आवडली. मी दर आठवड्याला हसवत राहिले आणि एक दिवस निर्माता म्हणाला की आता तुमच्या चळवळीतलं काहीतरी काढा, मात्र फार कडू नको. मी म्हातारीचं नाटक काढून दिलं. तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, सर. वाटलं, आता हे सगळ्या महाराष्ट्राला दिसेल.

चित्रीकरण कोळवणातच ठरलं. जीपगाड्या भरून माणसं निघाली, कासार आंबोलीच्या पुढे थांबून चहा-भजी झाली, आणि गाडी वळली ती सरळ त्याच बंगल्याच्या आवारात. का, तर वीज होती, फ्रीज होता, नटांना पडायला खोल्या होत्या. साहेबांनी सगळं हसत दिलं. आणि वाटेवर फाटक नव्हतं. तुमच्या मागे केव्हातरी ते काढून तिथे पुन्हा तार आलेली होती, आधीपेक्षा दाट. शेरडं पुन्हा सडकेनं जात होती. मी दिग्दर्शकाला बाजूला घेऊन सांगितलं की गोष्ट याच तारेची आहे, याच माणसाची आहे. तो मोहरून गेला. म्हणाला, वा, म्हणजे अस्सल लोकेशन मिळालं की!

पुढचं ऐका. म्हातारीचं काम करायला साहेबांची बायको होती. ती पुण्यात हौशी नाटकांतून कामं करायची आणि बंगला फुकट देण्याच्या बदल्यात एवढी भूमिका तिला हवी होती. आपल्या मोलकरणीकडून तिनं हाय, न्हाई, व्हय घोकून घेतलं होतं. मेकअपवाला तिच्या गालांना काजळी फासत होता आणि ती शांतपणे भुवया वर करून बसली होती, फेशियल करून घेतात तशी. मला म्हणाली, अहो, ती खरी बाई रडायची कशी, मोठ्यानं की आतल्या आत? मी म्हटलं, ती रडली नव्हती, ती तुमच्या यजमानांचं सोंग आणायची. बाई खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, काहीतरीच तुमचं. शेवटी प्रवेश बदलला. साहेबाचं सोंग गेलं, म्हातारी तारेला धरून हंबरडा फोडते असं ठरलं. लिहायला मला वेळ लागला नाही. एकदा लिहून झालेलंच होतं ते.

खरी म्हातारी तारेबाहेर उभी होती, सुनांना घेऊन. तिची शेरडं भाड्यानं घेतलेली. शेवटच्या शॉटमध्ये साहेबाला उपरती होते, तार तोडली जाते आणि शेरडं ओढ्याकडे धावतात. पकडीनं तार तोडली. शेरडं धावली, सर, खरोखर धावली. त्यांना वाट आठवत असावी. सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या डोळ्यात पाणी. त्यांनी येऊन माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, फार मोठं काम करताय तुम्ही समाजासाठी. त्यांचा हात मऊ आणि गार होता, अजून आठवला तरी मी साबण शोधते. मग श्रीखंड-पुरीची पंगत बसली. त्यांच्या माळ्यानं तोवर तार परत ताणून बांधायला घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान जीपमध्ये भरत होतो. म्हातारी आली. डोक्यावर नव्या लुगड्याचा पदर, मागे सुना, पुढे सगळी शेरडं. भाड्यानं कुणी बोलावलेलं नव्हतं. ती सरळ वाटेनं तारेपर्यंत आली आणि थांबली. आपल्या गावात नाटक झालं की तार निघते, एवढंच तिला ठाऊक. एकदा तसं झालेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि काल तर तार तुटतानाही पाहिली होती. तिनं तारेला हात लावून बघितला. मग मला हाक मारली. रागानं नाही हो, काळजीनं. म्हणाली, "पोरी, ह्या टायमाला खेळ नीट वटला न्हाई का?"

मी म्हटलं, मावशी, हा तसला खेळ नाही, हा टीव्हीचा आहे. तिनं ऐकून घेतलं. सुनांकडे बघितलं. बंगल्याकडे बघितलं. आणि मला समजावल्यासारखी म्हणाली, "मग परत करू की. त्या बाईला जमलं न्हाई. सायबाचं काम मी करते, मला समदं पाठ हाय."

जीपवाला हॉर्न देत होता. मी म्हटलं, बघू. तिनं मान हलवली, शेरडं वळवली आणि त्या सगळ्या सडकेच्या अंगाला लागल्या.

त्या सगळ्या लोकांची मला किळस येते, निर्मात्याची, दिग्दर्शकाची, त्या दोघा नवरा-बायकोची, आणि मालिकेचं कौतुक करणाऱ्यांचीही. हे मी वर्षानुवर्षं चारचौघांत बोलत आले आणि लोक म्हणतात, बाई अजून चळवळीतली आहे. हे पत्र टाकायचं कुठे, आणि टाकता आलं असतं तरी मी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट चारचौघांत बोललेली नाही. जीपमध्ये बसले तेव्हा मला राग आला होता तो त्यांच्यातल्या कुणाचाच नाही, सर. म्हातारीचा आला होता. की हिचा अजून नाटकावर विश्वास कसा.