खारट पाण्यातला चष्मा

३ तारीख, सकाळी
काल उघडलेलं कोरं ब्लेड आज गंजलेलं. माणूस चंद्रावर जाऊन आला, पण बेसिनच्या कडेला एक पातं चोवीस तास उजळ राहू शकत नाही. या प्रकरणाचा आता शास्त्रोक्त निकाल लावणार. हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून अकरा दिवस आहेत. वेळच वेळ.

३ तारीख, दुपारी
पाणी चार प्रकारचं: नळाचं, उकळून वर तेलाचा थर दिलेलं, बॅटरीत घालतात ते, आणि मिठाचं. लोह, ताम्र, अॅल्युमिनियम, सगळे वेगवेगळ्या पेल्यांत. एकूण बारा पेले. आता घरात पाणी प्यायला फक्त चहाचे कप उरलेत. मीठ लिटरला नऊ ग्रॅम. आकडा सहज सुचला.
ही म्हणाली, दाढी कधीपासून मिठाच्या पाण्याने करता? तुलना लागते, असं सांगितलं.

५ तारीख
नळाच्या पाण्यातला खिळा तांबूस. मिठातल्याची तर दशाच झाली, तळाशी गाळ. तेलाखालचा अजून नवरदेवासारखा. तांबं मलूल. अॅल्युमिनियमवर पांढरे ठिपके.
ही म्हणते, सारखे मिठाच्याच पेल्यांपाशी काय घुटमळता? मी कुठे घुटमळतो.

७ तारीख
डॉक्टरांकडे जाऊन आलो. नव्या सांध्यात टायटॅनियम असतं म्हणे. तीन प्रश्न कागदावर लिहून नेले होते. पहिला विचारला: गाडी कुठे लावायची. उरलेले दोन फुटकळ होते.
हार्डवेअरवाल्याकडे टायटॅनियम मागितलं. तो हसला. मग आठवलं, माझ्या चष्म्याची फ्रेम टायटॅनियमची आहे, चष्मेवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. रात्री मिठाच्या पाण्यात सोडली. ब्लेडशी संबंध आहे. दूरचा आहे.

८ तारीख
आजपासून अक्षर मोठं काढतोय. मोठं अक्षर केव्हाही चांगलं. चष्म्यावाचून काहीही अडत नाही.
चहात साखरेऐवजी मीठ पडलं. हिने एक घोट घेऊन कप खाली ठेवला. म्हणाली, मलाही प्रयोगात घेतलंत वाटतं.

१२ तारीख
फ्रेम निष्कलंक. इति सिद्धम्.
बिजागरीचा स्क्रू मात्र गंजला आणि एक काडी हातात आली. चष्मेवाला म्हणतो, स्क्रूबद्दल मी कधी बोललो होतो? गुडघ्यात स्क्रू असतात का, हा विचार पहाटे चार वाजता आला. जागा होतोच.

१३ तारीख, संध्याकाळी
बॅग भरून झाली. उद्या सकाळी सातला पोचायचं आहे.
ही म्हणाली, अहो, तुमच्या शर्टाच्या खिशात कागद सापडला. दुसरा प्रश्न मी डॉक्टरांना फोन करून विचारला. गंजेल असं आत काही बसवत नाहीत, वीस वर्षं तरी चिंता नको. आणि लिटरला नऊ ग्रॅम म्हणजे सलाईन, रक्ताइतकंच खारट, एवढं मलाही कळतं. तिसरा वाचला, पण विचारला नाही. तो तुमचा तुम्ही विचारा.
बाराही पेले धुऊन जागेवर ठेवले. काडी दोऱ्याने बांधून चष्मा लावला.
तिसरा प्रश्न गंजाचा नव्हता. भूल दिल्यावर ही जागी झाली नाही, तर मी काय करायचं.